गाठ काढली, पण ती गेली कुठं?

पोस्ट लांबलचक आहे. चहा घेत वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

परवा बाजारच्या दिवशी आपल्या पिंपळगावात एक ओळखीचे भेटले. मानेला पट्टी. विचारलं तर म्हणाले, "गाठ होती, काढून आलो." मी म्हणलं, "तपासायला पाठवली का?" हसले. "कशाला? साधी चरबीची होती. डॉक्टरनं दाखवली ना मला, सुपारीएवढी. दिली टाकून."

त्यांची गाठ साधीच असेल. बहुतेक गाठी साध्याच असतात. पण ते "दिली टाकून" ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. आमच्या घरात हे दोनदा झालंय. दुसऱ्या वेळी टाकून द्या म्हणणारा मीच होतो.

आमचे थोरले चुलते, अण्णा. माळकरी माणूस. तंबाखू सोडा, सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही. उसाचं पाणी, दावणीची जनावरं, एकादशी आणि वर्षातून एकदा पंढरीची वारी, एवढंच त्यांचं जग. त्यांच्या डाव्या कानाच्या पाळीखाली गाठ आली. बोराएवढी. दुखत नव्हती, खुपत नव्हती. कुणी गालगुंड म्हणलं, कुणी दाढेची सूज. लेप लावून झाले, दाढ काढून झाली, गोळ्यांची पाकिटं संपली. चार महिन्यांत बोराचं लिंबू झालं.

मग एका खासगी दवाखान्यात नेलं. नाव घेत नाही, कारण मुद्दा एका दवाखान्याचा नाही. ऑपरेशन नीट झालं. तासाभरानं कंपाउंडर बाहेर आला, हातात स्टीलची वाटी, वाटीत गाठ. कापलेल्या बाजूनं काळपट दिसत होती. मला वाटलं, रक्त साकळलं असेल. तो म्हणाला, "तपासायला पाठवायची का? आठशे रुपये वेगळे पडतील." मी विचारलं, "पाठवलीच पाहिजे का?" तो म्हणाला, "तुमच्या मनावर आहे."

खिशात पैसे होते. खताच्या दुकानाची उधारी डोक्यात होती. मी म्हणलं, "राहू द्या मग. द्या टाकून."

सात महिन्यांनी गाठ परत आली. आखाडीच्या वारीला अण्णा निघाले नाहीत, तेव्हाच घरात सगळ्यांना कळलं की काहीतरी वेगळं आहे. जालना झालं, छत्रपती संभाजीनगर झालं. आधी घाटी, मग आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आधीच्या ऑपरेशनच्या तुकड्याचा रिपोर्ट द्या." आम्ही डिस्चार्ज कार्ड पुढं केलं. "हा नाही. तुकड्याचा." आम्ही खाली बघत बसलो.

मग नव्यानं तुकडा घेतला. साध्या तपासणीत नक्की होईना, म्हणून खास रंग देऊन करतात ती तपासणी झाली. तीन आठवडे गेले. निदान आलं : मेलॅनोमा.

हा शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकला. आपल्या कातडीला, केसांना रंग देणाऱ्या पेशी असतात, त्यांचा हा कॅन्सर. गोऱ्या लोकांच्या देशात उन्हामुळं होतो म्हणून तो तिकडं घरोघर माहीत आहे. आपल्या सावळ्या कातडीला उन्हापासून बरंचसं संरक्षण मिळतं, म्हणून आपल्याकडं एकूण कमी. पण रंगपेशी फक्त उन्हातल्या कातडीवर नसतात. तळपायाला असतात, नखाच्या मुळाशी असतात, डोळ्याच्या आत, टाळूला, नाकात, गुदद्वाराच्या आतल्या अस्तरात असतात. आपल्याकडं जो थोडाफार मेलॅनोमा होतो, त्यात अशा आडजागेचा वाटा मोठा. तिथं उन्हाचा फारसा संबंध नाही. तिथं कुणी बघतही नाही.

जमैकाचा गायक बॉब मार्ली ऐकला असेल. १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली डाग दिसला. फुटबॉलचा मार असेल असंच आधी वाटलं. तो मेलॅनोमा निघाला. ११ मे १९८१ ला तो गेला, वय ३६. म्हणजे सावळ्या, काळ्या माणसाला हा होत नाही ही समजूत खरी नाही.

आता लाळग्रंथी. कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर जी मोठी लाळग्रंथी असते, जी गालगुंडात सुजते, तिथं मुळातूनच मेलॅनोमा सुरू होणं अतिशय विरळा. त्या ग्रंथीच्या आत लसीका गाठी असतात. कपाळ, कानशील, कान, गाल आणि डोक्याच्या पुढच्या भागाकडून येणारा द्रव तिथून गाळून पुढं जातो. त्यामुळं तिथं मेलॅनोमा सापडला की डॉक्टर आधी शोधतात, की हा वरून कुठून आला?

म्हणून त्या डॉक्टरांनी अण्णांना डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. बॅटरी घेऊन केस विंचरावेत तसे बाजूला करून डोकं बघितलं. तोंड, नाक, डोळे, तळपाय, बोटांच्या बेचक्या. मग विचारलं, "बाबा, डोक्यावर किंवा तोंडावर कधी तीळ, चामखीळ काही काढलं होतं का?"

अण्णा एकदम सहज म्हणाले, "होतं की. इथं कानशिलावर, केसात. काळा तीळ व्हता. दाढी-कटिंगला वस्तरा लागला की रक्त यायचं. वाढाया लागला म्हणून एकानं दोरा बांधून पाडला. तीन-चार वर्ष झाली."

"पडलेला तीळ कुठं गेला?"

"फेकला असंल."

डॉक्टर काही बोलले नाहीत. लिहीत राहिले.

मंडळी, हे नीट समजून घ्या. तो तीळ मेलॅनोमाचाच होता का? कळणार नाही. कानाखालची पहिली गाठ तिथलीच होती की तिळातून उतरलेली? तेही कळणार नाही. दोन्ही वेळा पुरावा हातात होता, दोन्ही वेळा आम्ही तो फेकला. कातडीच्या मेलॅनोमात तो किती खोल गेलाय हे मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटरच्या आत असताना सापडला, तर बहुतेकांचं काम नुसत्या शस्त्रक्रियेवर भागतं. खोल गेला, गाठीत उतरला, तर गोष्ट वेगळी होते. ही खोली फक्त काढलेल्या तुकड्यावर मोजता येते. दोरा बांधून पाडलेल्या, जाळलेल्या, ॲसिड लावलेल्या तिळावर कोण मोजणार?

गावात लोक अजून म्हणतात, "माळकरी माणसाला कॅन्सर कसा झाला?" तंबाखू आणि कॅन्सर हे नातं आपल्याला चांगलं कळलंय. आर. आर. आबा १६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कॅन्सरनं गेले तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला. शरद पवारांनी तोंडाच्या कॅन्सरशी दिलेली झुंज आणि त्यामागची गुटख्याची सवय स्वतः जाहीरपणे सांगितली आहे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे (टपरीवर काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे, तो वेगळ्या पोस्टचा विषय). पण त्यामुळं आपल्या डोक्यात एक उलटा समज बसलाय, की व्यसन नाही म्हणजे कॅन्सर नाही. अण्णांच्या गाठीला चार महिने कुणी गांभीर्यानं घेतलं नाही, त्याचं एक कारण त्यांच्या गळ्यातली माळ होती.

आता माझं मत स्पष्ट सांगतो. आपल्या तालुक्याला मोठं कॅन्सर हॉस्पिटल द्या, ही माझी मागणी नाही. ती मागणी भाषणात छान वाटते. मला त्याच्या कितीतरी आधीची आणि कितीतरी स्वस्त गोष्ट पाहिजे. एक बाटली. रुंद तोंडाची, झाकणाची, फॉर्मलिन भरलेली. माणसाच्या अंगातून गाठ, तीळ, चामखीळ, जे काही कापून काढलं, ते त्या बाटलीत जाईल आणि तपासून येईल. बादलीत जाणार नाही.

यावर लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे, कारण गेल्या दोन वर्षांत मी सगळ्यांशी भांडून झालोय.

एक जण म्हणाला, "इतका दुर्मीळ आजार. त्याच्यासाठी प्रत्येकाला खर्चात कशाला घालायचं?" अहो, बाटली एकट्या मेलॅनोमासाठी नाही. त्याच बाटलीतून मानेच्या गाठीची टीबी सापडते, थायरॉईडचा, स्तनाचा कॅन्सर सापडतो, आणि बहुतेकांना "काही नाही, साधी गाठ" असा निश्चिंत झोपेचा कागद मिळतो. आणि दुर्मीळ म्हणजे काय? अण्णांपुरता तो शंभर टक्के होता.

दुसरा म्हणाला, "गावाकडच्या डॉक्टरला असले आजार कसे ओळखू येणार?" नकोच ओळखू. मोठमोठ्या डॉक्टरांनासुद्धा हा डोळ्यानं फसवतो. काही मेलॅनोमा काळे नसतातच, गुलाबी किंवा कातडीच्या रंगाचे असतात. ओळखायचं काम सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्या तज्ज्ञाचं. गावाकडच्या डॉक्टरनं फक्त पाठवायचं.

तिसरा स्वतः डॉक्टर, माझा मित्र. तो म्हणाला, "आम्ही सांगतो रे, पण लोकच नको म्हणतात. तूच नाही म्हणाला होतास." बरोबर आहे. चूक माझी आहे आणि ती मी इथं कबूल करतो. पण मी त्याला विचारलं, "टाके घालायचे का, हे तू पेशंटला विचारतोस का? भूल द्यायची का, हे नातेवाईकाच्या मनावर सोडतोस का?" जी गोष्ट ऑपरेशनचाच भाग आहे, तिचा भाव वेगळा सांगितला की ती ऐच्छिक वाटते. दुकानात पिशवीचे दोन रुपये वेगळे सांगितले की आपण हातात घेऊन जातो, तसं. म्हणून तपासणीचे पैसे ऑपरेशनच्या बिलातच धरा, वेगळे विचारूच नका. आठशे रुपयांनी बिल वाढलं म्हणून ऑपरेशन कुणी टाळणार नाही. आठशे रुपये वेगळे सांगितले म्हणून तपासणी टाळणारे माझ्यासारखे गावोगाव आहेत.

शिवाय पैशाचा हिशोब उलटा आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात. पण कॅन्सरच्या उपचाराची मंजुरी मागताना तुकड्याचा रिपोर्ट जोडावा लागतो. रिपोर्ट नाही तर फाईल पुढं सरकत नाही. ज्या कागदाचे आठशे रुपये मी वाचवले, तोच कागद पुढं पाच लाखांच्या दाराची किल्ली होता. आणि पसरलेल्या मेलॅनोमाला नेहमीचं केमो फारसं दाद देत नाही. २०११ नंतर जी नवी औषधं आली, जी आपल्याच शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडतात (त्यामागच्या संशोधनाला २०१८ चं नोबेल मिळालं), त्यांनी बऱ्याच पेशंटचं आयुष्य वाढवलं. पण त्यांचा खर्च लाखांच्या घरात. परतूरहून रात्रीची देवगिरी धरून सकाळी दादरला उतरून परळच्या टाटाला गेलो, तेव्हा तो आकडा ऐकून अण्णा मला म्हणाले, "पोरा, रान इकू नको." विषय त्यांनीच बंद केला.

आता कुणी म्हणेल, खेड्यात असल्या व्यवस्था चालत नाहीत. मग बार्शीचं बघा. १९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमधून बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांची कॅन्सर नोंदणी सुरू झाली. खेड्यापाड्यांसाठीची देशातली ही पहिलीच. मुंबईची नोंदणी १९६३ पासूनच होती, पण खेड्यातला पेशंट नुसत्या दवाखान्याच्या कागदावर सापडत नाही, कारण तो दवाखान्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसं गावोगाव पाठवली. ती लोकांशी बोलायची, लक्षणं समजावायची, शंका आली की दवाखान्यात आणायची. पुढं याच लोकांनी टाटा मेमोरियलसोबत तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास केला. २००९ मध्ये त्याचा निष्कर्ष जगापुढं आला : एचपीव्ही तपासणी एकदाच केली, तरी त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. जगभरचे डॉक्टर तो अभ्यास मानतात. परंडा आणि भूम आपल्याच मराठवाड्यातले. पाऊस तिथंही पडत नाही, रस्ते तिथंही असेच. त्यांना जमलं.

आपल्याकडंही पाया आहे. आरोग्य केंद्रांतले रक्ताचे नमुने गोळा करून तपासायला महालॅबची व्यवस्था आहे. तिशी ओलांडलेल्यांची तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच. आशाताई घरोघर जातात. यात थोडीच भर पाहिजे. म्हणून माझ्या मागण्या अशा :

१. तालुक्यात जिथं जिथं चाकू लागतो, सरकारी असो की खासगी, तिथं फॉर्मलिनच्या बाटल्या आणि छापील फॉर्म असलेच पाहिजेत. काढलेला प्रत्येक तुकडा तपासायला जाईल आणि त्याचा खर्च बिलात धरलेला असेल.

२. ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतून आठवड्यातून एकदा तरी या बाटल्या जिल्ह्याला जायची हमखास सोय व्हावी. रक्ताच्या नळ्या जाऊ शकतात, तर तुकड्याची बाटलीही जाऊ शकते.

३. रिपोर्ट आला की पेशंटला फोन. "न्यायला या" म्हणून कपाटात पडून राहिलेला रिपोर्ट न केलेल्यासारखाच.

४. तोंडाची तपासणी करताना गालाबरोबर टाळू आणि वरची हिरडीही बघा. तोंडातला मेलॅनोमा बहुतेकदा तिथंच असतो. आणि एकदा तळपायही उलटून बघा.

५. आपल्या नाभिक बांधवांना दोन तासांचं प्रशिक्षण द्या. आपलं डोकं आणि मान डॉक्टरपेक्षा जास्त वेळा तेच बघतात. अण्णांच्या तिळातून रक्त येतं हे सगळ्यात आधी कुणाला माहीत होतं? कटिंग करणाऱ्यालाच. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की यात काही असू शकतं.

येत्या ग्रामसभेत पहिल्या दोन मागण्यांचा ठराव मांडणार आहे. अनुमोदनाला या.

आणि आता भिऊ नका, पण एवढं लक्षात ठेवा. अंगावर दहा-वीस तीळ प्रत्येकाला असतात. मिश्री लावणाऱ्या आयाबायांच्या हिरड्या काळपट असतात, काहींच्या जन्मतःच असतात. त्याला मेलॅनोमा म्हणत नाहीत. पण एखादा तीळ वाढायला लागला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, एकाच डागात दोन-तीन रंग दिसले, रक्त यायला लागलं, तर दाखवा. तळपायाला भोवरी म्हणून कापत बसलाय आणि ती काळी आहे, भरत नाही, तर दाखवा. मार लागल्याचं आठवत नाही आणि नखावर काळी रेघ रुंद होत चालली, आजूबाजूच्या कातडीवर उतरली, तर दाखवा. टाळूवर नवा काळा डाग दिसला, तर दाखवा. कानाखालची न दुखणारी गाठ तीन आठवड्यांत गेली नाही, तर लेप थांबवा आणि दाखवा. दुखत नाही म्हणजे साधी, हा हिशोब चुकीचा आहे. अण्णांची शेवटपर्यंत फारशी दुखली नाही.

दोरा, घोड्याचा केस, चुना, ॲसिड, बाजारातलं तीळ जाळायचं औषध, यातलं काही लावू नका. हात जोडून सांगतो.

अण्णा संक्रांतीच्या आधी गेले. शेवटच्या महिन्यात मी त्यांना वाटीची गोष्ट सांगितली. आठशे रुपयांची. ते बराच वेळ पत्र्याकडं बघत होते. मग म्हणाले, "तुला काय ठाऊक? तुला कुणी सांगितलं व्हतं का?"

नव्हतं. म्हणूनच ही पोस्ट. आता तुम्हाला सांगितलंय.

बाजारात भेटलेल्या त्या गृहस्थांना रात्री फोन केला. दवाखान्यात चौकशी करायला सांगितलं. गाठ गेलेली आहे, आता जागेवर लक्ष ठेवा आणि परत काही जाणवलं तर थेट जिल्ह्याला जा, एवढंच सांगू शकलो.

घरात कुणाचंही छोटं-मोठं ऑपरेशन ठरलं, तर पेशंटला आत नेण्याआधी दारात उभं राहून विचारा, "डॉक्टर, बाटली कुठंय?" समोरच्याला राग आला तर येऊ द्या.

पोस्ट पटली तर आपल्या गावाच्या ग्रुपवर टाका. नाव माझं नाही टाकलं तरी चालेल.